पुढं बसायची नाव

वसमतला मला मास्तरकी लागली तेव्हा खोलीसाठी बरीच पायपीट झाली. प्रत्येक घरी आधी गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव ऐकलं की त्या खोलीत कुणाचा तरी पुतण्या राहायला येणार असल्याचं घरमालकाला अचानक आठवायचं. एवढे पुतणे वसमतात कुठून येत होते कोण जाणे. आम्ही बौद्ध. हे मला कधी सांगावं लागलं नाही, समोरचा ते बरोबर काढून घ्यायचा.

शेवटी एका घरी गेलो तर अंगणात एक माणूस कशाच्या तरी पोटाखाली शिरून उताणा पडला होता. बाहेर नुसते पाय दिसत होते, डांबरानं बरबटलेले. मी विचारलं, "खोली हाय का?"

खालून आवाज आला, "पवता येतं का?"

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "काय म्हणले?"

"पवता, पवता. पाण्यात पडले तर काय करतान?"

"बुडतो."

"मग शिकवतो. सामान घेऊन या."

एवढीच मुलाखत झाली. गाव नाही, आडनाव नाही. मी वाकून पाहिलं तेव्हा कळलं, तो ज्याच्याखाली पडला होता ती नाव होती. वसमतात! जिथं पावसाळ्यात गुडघाभर चिखल सोडला तर तरंगायला काही नाही, तिथं ह्या गृहस्थानं भर अंगणात नाव मांडली होती.

दुसऱ्या रविवारी त्यानं मला एका ओळखीच्या मळ्यातल्या विहिरीवर नेलं आणि कुणी काही बोलायच्या आत पाण्यात ढकललं. त्या विहिरीवर माझ्या आईला कुणी घागर बुडवू दिली नसती. मी गटांगळ्या खात होतो आणि हा काठावर बसून सांगत होता, "पाण्यासंगं भांडू नका मास्तर, ते आपल्यापरीस लई मोठं हाय." मळेवाला तोंड वाकडं करून उभा होता. पण त्याचं इंजिन ह्याच्या हातानंच चालायचं, त्यामुळं तो गप्प राहिला. महिनाभरात मला पोहता आलं.

धंदा म्हणाल तर तो ऑइल इंजिनांचा मिस्तरी. आसपासच्या मळ्यांतली पाणी उपसायची इंजिनं त्याच्याकडं यायची. सगळं गाव त्याला "कप्तान" म्हणायचं, तेही तोंडावर, आणि तो खुशाल ओ द्यायचा. मी मात्र मिस्तरी म्हणायचो. त्याच्या बायकोला वहिनी म्हणायचो. त्यांना दोन पोरी होत्या, दोघीही बापासारख्या बडबड्या.

ह्या नावेचं खूळ त्याच्या डोक्यात एका चित्रानं भरवलं होतं. हैदराबादेच्या जुन्या बाजारातून इंजिनाचे सुटे भाग आणले, ते एका परदेशी मासिकाच्या पानात गुंडाळलेले निघाले. भाग राहिले बाजूला, हा पानच बघत बसला. निळं पाणी, पांढरी नाव, आणि नावेच्या अगदी टोकाला, उघड्यावर, गुबगुबीत बाकांवर बसलेली गोरी बाई आणि तिची लेकरं. त्यांच्यामागं काच, काचेमागं सुकाणू धरलेला नवरा, आणि सगळ्यात मागं फळीला बाहेरून लटकवलेलं इंजिन. ते पान त्यानं दुकानात गणपतीशेजारी चिकटवलं होतं. गणपतीला उदबत्ती लावली की एक ह्या बाईसमोर पण फिरवायचा.

मी एकदा म्हणालो, "मिस्तरी, नावा तर आपल्याकडं पण असतात. कोळ्याची नाव बघितली न्हाई का?"

तो खवळला. "तीत बाई कुठं बसती?"

"बसती कुठंबी."

"कुठंबी न्हाई, मागं. बैलगाडीत बाई कुठं? मागं. जीपमधी? मागं, ते बी पोत्यासंगं. चालताना? ते बी मागंच. जल्मभर तिनं काय आपली पाठच बघावी व्हय? ह्या नावंत पैलं वारं बाईच्या तोंडावर येतं, मास्तर. हाकणाऱ्याला तिचं उरलेलं वारं."

गावातल्या कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून मी बायकांबद्दल एवढं धड काही ऐकलेलं नव्हतं. पण हा माणूस कुठल्या सभेला जायचा नाही. तो आपला पत्रा ठोकत बसायचा.

सांगाडा सागवानाचा, वरून पत्रा, पत्र्याच्या सांध्यांत डांबर. काच आणि सुकाणू एका मोडीत काढलेल्या जीपचं. पुढच्या बाकांना हिरवं रेग्झिन, एस्टीच्या सीटला असतं तसलं. सुकाणूपासून मागच्या इंजिनापर्यंत तारा आणि कप्प्या, त्या इतक्या बराबर बसवल्या होत्या की पोरी सुकाणू फिरवायच्या आणि मागं इंजिन मान हलवायचं. ते इंजिन त्यानं हैदराबादेहूनच आणलं. त्याला तो आऊटबोर्ड म्हणायचा, गल्ली शेपूट म्हणायची. आणताना नांदेडहून जो ट्रक मिळाला तो हिंगोलीकडं जाणारा निघाला, म्हणून हा वारंगा फाट्यावर उतरला. तिथं चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावर इंजिन बसवून त्यानं दुपारभर ट्रकवाल्यांना त्याची माहिती दिली. वसमतला जाणाऱ्या दोन गाड्या समोरून निघून गेल्या. "लोकायला समजून घ्यायचं होतं, मधीच कसं उठावं?" हे वर त्याचं म्हणणं.

वजनाचं वेड तर विचारू नका. नाव पुढून उघडी, पुढं माणसं बसणार, म्हणजे नाक खाली जायचं भ्या. त्यामुळं पुढं किती भार, मागं किती भार, ह्याचा हिशोब त्याच्या डोक्यात अखंड चालायचा. अडत्याकडून हळद तोलायचा मोठा काटा आणून त्यानं पडवीत टांगला होता. पाहुणा आला की पाणी नंतर, आधी काट्यावर. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्यानं एकदा विचारलं, "बसता का जरा?" त्या ज्या पळाल्या त्या पुढच्या वर्षी आल्याच नाहीत. वहिनींनी त्या दिवशी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. एरवी त्या फार कमी बोलायच्या.

नावेबद्दल तर एक शब्द नाही. चांगली म्हणायच्या नाहीत, वाईटही नाही. उन्हाळ्यात पुढच्या हिरव्या बाकांवर धोतर पसरून शेवया वाळवायच्या, बस्स. मिस्तरी बिचारा त्या दिवसांत नावेला हातोडीसुद्धा लावायचा नाही. शेवया मोडतील म्हणून.

आणि ही सगळी खटपट कुणासाठी चालली होती? वहिनींसाठीच. त्यांचं माहेर पूर्णेकाठी होतं. ह्यांचं लग्न झालं आणि त्याच सुमारास धरणाचं पाणी चढत आलं. गाव उठलं, पांगलं. बाप त्या धसक्यानंच गेला म्हणतात, आई आधीच गेलेली. एक भाऊ होता, तो निजामाबादकडं कामाला गेला आणि तिकडचाच झाला. घर, पार, चावडी, सगळं पाण्याखाली. मिस्तरी ह्याचं दुःख स्वतःच्या तऱ्हेनं सांगायचा. कुणाचा जावई दिवाळीला नवी टोपी घालून मिरवताना दिसला की हा म्हणायचा, "मजा हाय बुवा. आमाला सासुरवाडीच न्हाई. एकदाबी कुणी पाय धुवायला पाणी दिलं न्हाई. आमची टावेल-टोपी बुडाली धरणात." लोक हसायचे. तोही हसायचा, पण दर दिवाळीला हे वाक्य यायचंच.

वहिनी त्या पाण्याकडं कधी फिरकल्या नव्हत्या. मिस्तरीनं एकदा औंढ्याला दर्शनाला नेलं आणि येताना म्हणाला, चल, धरणावरून जाऊ. तर ह्यांनी एस्टीतून उतरायलाच नकार दिला. त्या दिवशी त्यानं ठरवून टाकलं: बाई पाण्याला भेती. मग काय, तिचं भ्या घालवायचं. जिच्या टोकाला बसून तिला माहेर बघता येईल अशी, अजिबात न बुडणारी नाव करायची. दरसाल नावेत एक भर पडत गेली. आधी कडेनं लोखंडी कठडा, मग ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या ट्यूबा, मग बाकाखाली बंद डबे, हवेचे. एवढं झाल्यावर तो दर पाडव्याला विचारायचा, "औंदा जायचं का?" वहिनी म्हणायच्या, "बघू." तो म्हणायचा, "अजून भ्या हाय." आणि आणखी एक ट्यूब आणायचा.

पुढची एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगायची पाळी येणार नाही. मिस्तरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, आता हिंगोली झाला, एवढा काळ गेला. वहिनींच्या म्हशी त्या नावेत पाणी प्यायच्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काच फुटली होती, पण हिरवं रेग्झिन तेवढं होतं. मला ते बघून वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. तिचं काम झालेलं होतं.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा. आमच्या पिढीला साल सांगावं लागत नाही. विहिरींचे तळ दिसले, माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर आलेल्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन पोटं बिघडली. आणि नेमक्या त्याच साली मिस्तरीची नाव पुरी झाली! गावाला दुसरी करमणूक नव्हती. येणारा-जाणारा अंगणात डोकावून विचारायचा, "काय कप्तान, निघाले का समुद्रावर?" एकानं तर दारावर खडूनं लिहून ठेवलं, 'बंदर'. मिस्तरीनं ते पुसलं नाही.

पण एक गाढवपणा त्यानं केला. आऊटबोर्ड इंजिन कोरडं चालवता येत नाही, त्याचं खालचं तोंड पाण्यात लागतं. ह्याला ते चालवून बघायचा मोह आवरेना. अंगणात म्हशीचा हौद होता, टँकरच्या रांगेत उभं राहून वहिनींनी तो निम्मा भरला होता. ह्यानं इंजिन हौदाच्या काठाला अडकवलं आणि दोरी ओढली. ते सुरू झालं, आणि असं सुरू झालं की डोळ्याची पापणी लवायच्या आत हौद रिकामा. अर्धं पाणी भिंतीवर, अर्धं माझ्या अंगावर, आणि तळाला जे उरलं त्यावर तेलाची झिलई. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. गल्लीतल्या बायका दारात जमल्या. काय काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. वहिनी घागर उचलून परत रांगेला जाऊन उभ्या राहिल्या.

ते त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं पाणी लांबच्या विहिरीवरून आणून द्यायला लागला. कावड खांद्यावर, चुंबळ डोक्यावर. दुष्काळ सरेपर्यंत खाडा नाही. "कप्तान, नाव का न्हाई घेतली संगं?" म्हणून पोरं ओरडायची. तो म्हणायचा, "रस्ता उथळ हाय लेकरांनो." अशा माणसावर किती दिवस चिडणार?

त्याच उन्हाळ्यात बातमी आली की धरणाचं पाणी पार आटलं आणि बुडालेली गावं वर आली. भिंती दिसून राहिल्या, पार दिसून राहिला, देवळाचं जोतं दिसून राहिलं. पांगलेली माणसं लांबलांबून येऊन आपापल्या घराच्या ओट्यावर बसून रडून जात होती. मिस्तरी धावतच घरी आला.

"चल! पायी जाता येतं. नाव बी नको, काई बी नको. पाण्याचं नावच न्हाई तिथं."

वहिनी ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमी जाऊन या."

"आगं माझं काय हाय तिथं? तुझं घर हाय."

"मला न्हाई यायचं."

तो बाहेर येऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसला. इतका खचलेला मी त्याला हौदाच्या दिवशीही पाहिला नव्हता. "मास्तर, पाणी न्हाई तर भ्या कशाचं? इतके वर्सं मी कशासाठी पत्रा ठोकून राहिलो मग?"  तो उठून गेला आणि त्यानं नावेवर ताडपत्री टाकली. पुढं कित्येक दिवस त्यानं ती काढली नाही.

आता कपाबद्दल सांगतो. त्या घरात माझा कप वेगळा होता. बाहेरच्या मोरीशेजारी खिळ्याला अडकवलेला, कानाचा टवका उडालेला. मिस्तरीला असल्या गोष्टी दिसायच्याच नाहीत, तो कुणाच्याही कपानं प्यायचा. कप वहिनींनी ठेवला होता, त्यांच्या सासूपासून चालत आलेली रीत म्हणून. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, ज्यांनी रीत पाडली त्यांना वाटायची तर वाटो. पण मी ताप येऊन पडलो होतो तेव्हा ह्याच बाईनं उशाशी बसून माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. माणूस असा गुंत्याचा असतो. मला त्यांचा राग यायचा आणि माया पण वाटायची.

पाऊस पडला, चांगला पडला, धरण भरल्याच्या बातम्या आल्या. दिवाळी तोंडावर होती. गल्लीतल्या सुनांना न्यायला एकेकीच्या माहेरचे मुराळी यायला लागले होते. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता, कुणाचा भाचा. पिशवीत लाडू, डोक्याला नवी टोपी, आणि "घ्या आवरून, गाडी चुकंल" अशी घाई. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी पडवीत वह्या तपासत होतो. मला राहवलं नाही.

"वहिनी, खरं सांगा. पाण्याला भेता का तुमी?"

"मी?" त्या चक्क हसल्या. "पूर्णेच्या डोहात लहानाची मोठी झाले मी. गावातले पोरं मला हात लावू शकत नव्हते पवण्यात."

मी पेन खाली ठेवला. "मग काहून जात न्हाई? मिस्तरी मरून राहिले तुमाला न्यायला."

"त्ये कसे नेतील?" त्यांनी समोरच्या घराकडं बोट केलं. तिथली सून भावाच्या मागं पिशवी घेऊन निघाली होती. "नवऱ्यानं न्यायचं तर ते फिरायला जाणं झालं. माहेरला आपल्या पायानं कुणी जातं व्हय, मास्तर? न्यायला यावं लागतं कुणी. माझ्या दारात लग्नापासून मुराळी आला न्हाई. पाणी असलं काय अन् आटलं काय, मी कुणासंगं जाऊ?"

"मग हे मिस्तरीला सांगायचं न्हाई का?"

"काय सांगू? माझा भाऊ मला इसरला म्हणून सांगू?"

इंजिनाचा खटका ऐकून त्याचा आजार ओळखणारा माणूस हा. पण ट्यूबा लावत बसला. विचारायचं ह्याला सुचलं नाही, आणि सांगणं हिला जमेना. मी काही विचार न करता बोलून गेलो, "मी येऊ का? मुराळी म्हणून?"

बोललो आणि जीभ चावली. खिळ्यावरचा कप समोरच दिसत होता. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. आणि त्या आत गेल्या. संपलं, मी मनात म्हणालो, आता उद्या पुतण्या येणार ह्या खोलीत. वह्यांवरची अक्षरं दिसेनात मला.

बऱ्याच वेळानं त्या चहा घेऊन आल्या. ताटलीत दोन कप, दोन्ही सारखे, फुलाफुलांचे, पाहुण्यांसाठीचे. एक माझ्यापुढं ठेवला, दुसरा स्वतः घेऊन उंबऱ्यावर बसल्या.

"मुराळ्यानं सकाळच्या पारी यावं लागतं," त्या म्हणाल्या. "बाहेरगावाहून. हितंच राहणारा मुराळी नसतो. अन् हात हालवत यायचं न्हाई. सांगून ठेवते."

तर राहत्या घरी पाहुणा म्हणून यायचं म्हणून मी सुट्टी लागताच माझ्या गावाला, हिंगोलीकडच्या गोरेगावला गेलो. आईला सगळं सांगितलं. आई हातातलं काम ठेवून म्हणाली, "आपल्या घरचं खातील का रे ते?"

"माईत न्हाई."

"मंग करते तर खरं. न्हाई खाल्लं तर तू खा." तिनं मुरमुऱ्याचे लाडू केले. पेटीतून हिरवा खण काढला, माझ्या बहिणीसाठी ठेवलेला. गाठोडं बांधताना थांबली. "जावई हाय ना तिला? जावयाला काय?" आणि वाण्याकडं जाऊन टावेल-टोपी घेऊन आली. ती तिनं गाठोड्याच्या तळाशी घातली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून मी वसमतला उतरलो, आणि रोज ज्या दारातून शिरायचो त्या दारात बाहेर उभा राहून हाक मारली, "अक्का! हाय का घरात? न्यायला आलो."

वहिनी जणू दाराआडच होत्या. बाहेर आल्या, नवं लुगडं नेसलेल्या. गाठोडं माझ्या हातातून घेतलं, उंबऱ्यातच सोडलं, एक लाडू काढला आणि तिथंच, सगळ्या गल्लीदेखत, उभ्या उभ्या खाल्ला. मग पोरींना दिला. "मामानं आणलाय," म्हणाल्या. समोरच्या ओट्यावरची म्हातारी ज्या नजरेनं बघत होती तिच्याकडं बघत वहिनींनी दुसरा लाडू घेतला.

मिस्तरी आतून पाना हातात घेऊन आला. माझ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, तिच्या लुगड्याकडं पाहिलं. "हे काय चालून राहिलं?"

"मुराळी आलाय मला," त्या म्हणाल्या. "माहेरला चालले मी. दिवाळीला."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो मटकन खाली बसला. "म्हंजी पाणी न्हव्हतंच? मुराळी पायजे होता?" मग कपाळावर पान्याचीच मूठ मारून घेतली. "अन् मी ट्यूबा लावून राहिलो! सांगायचं तर खरं, बाई!"

"तुमी इचारलं का कधी?"

तो उठला आणि ताडपत्री ओढून काढली. पण अर्ध्यात थांबला. चेहरा पडला. "पर मला कसं येता येईल? मुराळ्यासंगं नवरा जात नसतो."

"मग नाव कोण हाकणार?" मी म्हणालो.

 मग मिस्तरी आत गेला आणि खाकी सदरा घालून बाहेर आला. वर म्हणतो कसा, "मी ह्यांचा कुणी न्हाई. डायवर हाय. डायवरसंगं सवारीनं बोलू नये."

कापूस आणायला रिकामा चाललेला एक ओळखीचा ट्रक औंढ्याकडं निघाला होता. माणसं लावून नाव त्यात चढवली. मी म्हणालो, अक्का, तुमी केबिनमधी बसा. पण त्या चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि नावेतच, पुढच्या हिरव्या बाकावर जाऊन बसल्या. मुराळी आल्यावर निघायचं म्हणजे निघायचं. आणि वसमतच्या बाजारातून, नावं ठेवणाऱ्या सगळ्या दुकानांसमोरून, ती नाव ट्रकवर बसून निघाली. टोकाला पदर सावरून ताठ बसलेली बाई, शेजारी दोन पोरी. कुणी 'बंदर' म्हणालं नाही. एका दुकानदारानं तर हात जोडले, कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

धरणाच्या काठावर पोचून पाण्यावर नाव उतरवली आणि पहिला घोटाळा तिथंच झाला. आम्ही चौघं पुढं बसलो तर नाक खाली गेलं. मिस्तरीनं डोकं धरलं. बायकोचं वजन धरलं होतं, पोरींचं धरलं होतं, त्या दरसाल वाढतात तेही धरलं होतं. "मुराळ्याचं धरलंच न्हव्हतं, मास्तर! जागाच न्हाई केली मी त्याची." मी म्हणालो, मी मागं बसतो. वहिनी म्हणाल्या, "मुराळी मागं बसत नसतो." शेवटी काठावरचे दगड पोत्यात भरून इंजिनाजवळ ठेवले. नाव सरळ झाली. दोरी ओढली, इंजिन लागलं, आणि पहिलं वारं खरोखरच वहिनींच्या तोंडावर आलं. पदर मागं उडाला. त्यांनी तो सावरला नाही.

मला वाटलं होतं, नुसतं पाणीच पाणी, ह्यात कुठं काय सापडणार? पण टोकाला बसलेल्या त्या बाईनं लांबची टेकडी बघितली, काठावरचं देऊळ बघितलं आणि हातानं दाखवायला सुरुवात केली. असं घ्या. आता असं. मिस्तरी काचेमागून तो हात बघून सुकाणू वळवत होता, एक अक्षर न बोलता.

"ही वेस. हळू घ्या, इथं लेकरं खेळतात," त्या म्हणाल्या. त्यानं खरंच वेग कमी केला. "हा पार. ही चावडी. आता डाव्या अंगाला." मग हात खाली आला. "बस. आलं."

इंजिन बंद झालं. धाकटीनं विचारलं, "आई, आजीचं घर कुठंय?"

"तुझ्या पायाखाली."

पोरगी वाकून बघायला लागली. वहिनींनीही कठड्यावरून हात खाली सोडला आणि पाण्यात धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा माहेरी आलेल्या बाईचाच होता. मी संगं आणलेल्या गाठोड्यातून आईनं दिलेला खण काढून त्यांच्या ओटीत घातला.  त्यांनी तो कपाळाला लावला.

मग त्या मागं वळल्या. काचेमागं मिस्तरी मान खाली घालून बसला होता, डायवरसारखा, आपला काही संबंध नसल्यासारखा. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"भाऊ, असा काय बसला रे? जावई दाराशी आलाय. पाय धुवायला पाणी दे की."

नावेत पाणी शिरलं तर उपसायला पत्र्याचा डबा ठेवलेला होता. मी तो वाकून भरून घेतला आणि बाकांमधून मागं गेलो.

"कुणी उठायचं न्हाई!" मिस्तरी ओरडला. "तोल जाईल! अन् मी डायवर हाय, मी—"

"गप बसा," वहिनी म्हणाल्या.

"दाजी," मी म्हणालो, "पाय पुढं घ्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग चपला काढल्या. डांबराचे जुने डाग असलेले ते पाय, खोली विचारायला आलो तेव्हा पहिल्यांदा दिसलेले, त्यानं पुढं केले. मी पाणी ओतलं. त्याच्या सासुरवाडीचं पाणी. गाठोड्यातून टावेल काढून पाय पुसले, आणि टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. आईनं अंदाजानंच घेतली होती, जरा मोठी झाली. वारं होतं, उडून जाईल म्हणून मिस्तरीनं ती दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट धरली. त्यामुळं सुकाणू धरायला हातच उरला नाही, आणि नाव बराच वेळ तिथंच, दाराशी, उभी राहिली.